टेक फेलोशिप फक्त कोडिंगवाल्यांसाठी? खुलासा

‘तंत्रज्ञानाची फेलोशिप किंवा पगारी सहायकाचं काम इंजिनिअरिंगच्या मुलांनाच मिळतं, वाणिज्य-व्यवस्थापनवाल्यांनी अर्ज करून उपयोग नाही,’ असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय.

समज होणं साहजिक आहे. नावातच ‘तंत्रज्ञान’ आहे. पण पात्रता नावावरून ठरत नाही. जाहिरातीतला पात्रतेचा परिच्छेद वाचा आणि ‘आवश्यक’ व ‘प्राधान्य’ हे दोन शब्द वेगळे करा. कोडिंग पुष्कळदा ‘प्राधान्य’मध्ये असतं, ते येत नाही म्हणून अर्ज बाद होत नाही. ‘फक्त पदव्युत्तर’ किंवा ठरावीक शाखा असं स्पष्ट लिहिलं असेल, तर मात्र तिथे वेळ घालवू नका.

सहायकाचं बरंचसं काम डेटा नीट करण्याचं असतं. ग्राहक क्रमांक ‘००४७’ असलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची) फाइल स्प्रेडशीटमध्ये थेट उघडली की त्याचा ‘४७’ होतो, कारण प्रोग्राम त्याला संख्या समजतो. मग दुसऱ्या यादीशी जुळवणी फसते. म्हणून फाइल आत घेतानाच तो रकाना ‘टेक्स्ट’ ठेवायचा. नावामागे राहिलेली एक मोकळी जागाही तेवढीच घातक. ती स्प्रेडशीटमधल्या ‘ट्रिम’ या सूत्राने काढायची. डेटा नीट करण्याआधीची आणि नंतरची बेरीज ताडून पाहणं ही तर हिशेब शिकलेल्यांची सवयच, आणि इथे ती फार मोलाची आहे.

असा नीट केलेल्या डेटाचा एक नमुना, काय बदललं याच्या चार ओळींसह, अर्जाला जोडा.

मोबदलाही तपासा: फेलोशिपमध्ये बहुधा ठरावीक विद्यावेतन, सहायकाला पुष्कळदा तासांवर पैसे. उदाहरणार्थ, आठवड्याला १० तास, १२ आठवडे म्हणजे एकूण १२० तासांचं काम. परीक्षेच्या आठवड्यांत सूट मिळते का, हे होकार देण्याआधी विचारा.