इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप: घोळ नेमका कुठे होतो

निकाल लागले की बडोद्याच्या दांडिया बाजारात हमखास ऐकू येतं, "आमच्या चिरंजीवांना मकरपुऱ्याच्या कारखान्यात इंटर्नशिप मिळाली." जरा खोदून विचारलं की कळतं, चिरंजीव अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, म्हणून लागलेत. उलटंही होतं, आणि ते जास्त महागात पडतं.

इंटर्नशिप काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. सुट्टीत काही आठवडे काम बघायचं, शेवटी एक पत्र घ्यायचं. 2020 च्या शिक्षण धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांनीही दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभारांकडे शिकावं असं म्हटलंय. ठीक.

खरा फरक कागदाचा आहे. अप्रेंटिसशिपमागे 1961 चा कायदा आहे. लेखी करार करून तो नोंदवावा लागतो, मूल अठराच्या आतलं असेल तर सही पालकाची. विद्यावेतन द्यावंच लागतं. वय किमान 14, धोकादायक उद्योगात 18. इंटर्नशिपला या कायद्यातलं काहीच लागू नाही. पैसे दिले तर दिले, शिकवलं तर शिकवलं. म्हणून मालक कितीही गोड बोलला तरी "करार नोंदवणार का?" एवढं विचारा. तो "त्याची काय गरज, घरचाच मुलगा आहे" म्हणाला, तर ती अप्रेंटिसशिप नव्हे. मग दिवसभर चहा आणून देणं आणि झेरॉक्स काढणं चाललं तरी तक्रार कशाच्या आधारावर करणार?

आणि हो, अप्रेंटिस लागला म्हणजे नोकरी लागली नाही. कायद्याच्या लेखी तो शिकाऊ आहे, कामगार नाही. पेढे जरा थांबून वाटा.

फी भरून घरबसल्या मिळणाऱ्या इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटांवर मात्र माझा राग आहे. त्यापेक्षा महिनाभर वर्कशॉपमध्ये उभं राहून नुसतं बघितलेलं बरं. लेथ यंत्रावर घडवलेला भाग पाव मिलिमीटर कमी भरला की भंगारात जातो, मार्क कापून भागत नाही, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली त्या गावात "शिकलेल्या घरातला मुलगा कारखान्यात?" असं अजून विचारतात, याचं नवल वाटतं.

अकरावी-बारावी चालू असेल तर सुट्टीतली इंटर्नशिपच घ्या. अप्रेंटिसशिपला रोज पूर्ण वेळ हजेरी लागते. सकाळी कारखाना नि संध्याकाळी क्लास हे गणित क्वचितच जमतं.