फुकटचा किल्ला, विकतचा टिकाव

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, 22 तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि पैसे लावून खेळायची रमी, पोकर, फँटसी क्रिकेटची ॲप्स एकामागून एक थंडावली. तेव्हापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरी एक प्रश्न ऐकू येतो. आमच्या पोराचा तो किल्ल्याचा खेळ मग अजून चालू कसा? पैसे तर त्यातही जातात!

या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे. किल्ल्यांच्या, राज्यांच्या, टोळीयुद्धांच्या मोबाइल खेळांत जिंकणाऱ्याच्या हाती एक रुपयाही येत नाही. पैसा एकाच दिशेने जातो, म्हणून ते या कायद्याच्या तडाख्यातून सुटले. आईबापांचा प्रश्न मात्र रास्त आहे. खेळ डाउनलोड करायला फुकट, शिकायला फुकट, पहिले पंधरा दिवस मौजेचे. पुढे नुसतं आहे त्या जागी उभं राहायचं म्हटलं तरी खिशात हात घालावा लागतो. ही रचना एका दिवसात उभी राहिलेली नाही. तिला वीसहून जास्त वर्षांचा इतिहास आहे आणि तो कळला की आजचं बिल कुठून येतं ते कळतं.

सुरुवात मोबाइलच्या आधी, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये झाली. जर्मनीत 2002 मध्ये ओगेम आला, 2004 मध्ये ट्रॅव्हियन. दोन्ही खेळ अहोरात्र चालणारे. तुम्ही झोपलात तरी शत्रू जागा. ओगेममध्ये रात्री झोपण्यापूर्वी आपलं आरमार लांबच्या फेरीवर पाठवून द्यायची रीत होती, म्हणजे हल्ला झाला तरी जहाजं सापडायची नाहीत. इथे जिंकायला लागायचा तो वेळ. कॉलेजच्या पोरांकडे तो भरपूर असायचा, नोकरदारांकडे नसायचा. ट्रॅव्हियनने 'गोल्ड' हे खेळातलं चलन विकून ती दरी थोडी बुजवली: बांधकामाची रांग लावून ठेवा, चालू काम लगेच पुरं करा. वेळेला पैशाचा भाव लागला तो असा.

त्याच सुमारास दक्षिण कोरियात नेक्सॉनसारख्या कंपन्या महिन्याची वर्गणी सोडून खेळ फुकट देऊ लागल्या होत्या आणि आतल्या वस्तू विकू लागल्या होत्या. हे दोन प्रवाह एकत्र यायला एक दुकान हवं होतं. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै 2008 मध्ये उघडलं. जून 2009 पासून ॲपच्या आत खरेदी करता येऊ लागली, पण ती फक्त विकतच्या ॲपमध्ये. ऑक्टोबर 2009 मध्ये ॲपलने फुकट ॲपलाही ती मुभा दिली. त्या एका बदलाने सगळं गणित फिरलं. दारात तिकीट घेण्याऐवजी माणसाला आत येऊ द्यायचं, त्याचा जीव गुंतू द्यायचा आणि मग विकायचं. 2011 मध्ये अँड्रॉइडनेही हीच वाट धरली.

फिनलंडच्या सुपरसेलचा क्लॅश ऑफ क्लॅन्स 2 ऑगस्ट 2012 रोजी आयफोनवर आणि ऑक्टोबर 2013 मध्ये अँड्रॉइडवर आला. आपल्याकडे बहुतेकांनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तो इथेच, म्हणून त्यातला हिशोब जरा जवळून पाहू. बांधकाम लगेच संपवायला जेम, म्हणजे खेळातलं चलन, लागतात. एक मिनिट उरलं असेल तर 1 जेम, एक तास उरला असेल तर 20, एक दिवस 260 आणि आठवडा 1000. घाई जितकी लहान तितका तिचा दर चढा. जेमचे गठ्ठे बराच काळ असे होते: 500 जेम 4.99 डॉलरला, 14,000 जेम 99.99 डॉलरला. म्हणजे आठवडाभराची वाट टाळायची किंमत सात ते दहा डॉलर. टाउन हॉल, म्हणजे गावाची मुख्य इमारत, जसजसा वरच्या पायरीला जातो तसतशी एकेक तोफ दिवसच्या दिवस मागू लागते आणि घाईचं दुकान मोठं होत जातं.

तरी क्लॅशबद्दल माझं मत बरं आहे. हल्ला झाला की मोफत शिल्ड, म्हणजे ठरावीक वेळ पुढच्या हल्ल्यापासून अभय, मिळायची, पडलेली घरं आपोआप उभी राहायची, झुडपं तोडून जेम साठवता यायचे. बांधकाम करणाऱ्या तिसऱ्या बिल्डरला 500, चौथ्याला 1000, पाचव्याला 2000 जेम लागायचे, पण ते धीराने, एक पैसा न घालता जमवलेली पोरं मी पाहिली आहेत. हरलं तर थोडं सोनं जायचं, महिन्यांची मेहनत जात नसे.

ती जाऊ लागली पुढच्या पिढीच्या खेळांत. मशीन झोनचा गेम ऑफ वॉर जुलै 2013 मध्ये आला. त्यात आणि नंतरच्या लॉर्ड्स मोबाइल, राइज ऑफ किंगडम्स, स्टेट ऑफ सर्व्हायव्हल, व्हाइटआउट सर्व्हायव्हल अशा खेळांत हजारो माणसं एकाच नकाशावर असतात. लढाईत सैनिक जखमी होऊन हॉस्पिटलमध्ये जातात. हॉस्पिटलच्या खाटा ठरलेल्या. त्या भरल्या की पुढचे सैनिक मरतात, कायमचे. सहा महिने घालून उभं केलेलं सैन्य एका रात्रीत साफ होऊ शकतं. खेळणारे त्याला 'झिरो झालो' म्हणतात. यापासून वाचायला शिल्ड: आठ तासांची, दिवसाची, तीन दिवसांची. क्लॅशने वेळ विकला होता, या खेळांनी सुरक्षितता विकायला काढली.

आणि तिसरी गोष्ट विकायला काढली ती अब्रू. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत परिणामकारक युक्ती हीच आहे. अलायन्समधल्या, म्हणजे खेळातल्या आपल्या टोळीतल्या, कुणीही पॅक, म्हणजे वस्तूंचा गठ्ठा, विकत घेतला की सगळ्या सदस्यांना एक भेटपेटी मिळते आणि कुणामुळे मिळाली ते दिसतं. गावच्या उत्सवाच्या वर्गणीची यादी देवळात मोठ्याने वाचावी तसंच हे, फक्त यादी रोज वाचली जाते. देणाऱ्याचा मान वाढतो, घेणाऱ्यावर न मागता ऋण चढतं. चार महिने पेट्या उघडून झाल्यावर, मोठ्या लढाईच्या आदल्या दिवशी 'सगळ्यांनी थोडं थोडं घाला' असा मेसेज आला की नाही म्हणणं जड जातं. कंपनीला वसुलीला माणूस ठेवावा लागत नाही, ते काम ओळखीपाळखीच करतात. आपल्याकडे तर अर्धी अलायन्स एकाच वाडीची, एकाच आयटीआयची, नाहीतर मुंबईचे चाकरमानी आणि आखातात नोकरीला असलेले भाऊबंद मिळून झालेली. मस्कतच्या पगारातून पॅक घेणारा चुलतभाऊ आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर वाट्याने काम करणारा खलाशी एकाच झेंड्याखाली लढतात. दोघांच्या खिशात जमीन-अस्मानाचं अंतर, पण लढाईत उतरायची अपेक्षा दोघांकडून सारखीच.

पॅकचे दरही पायऱ्यांचे असतात. पाच डॉलरचा घेतला की त्या जागी दहाचा दिसू लागतो, मग वीसचा, पन्नासचा, शेवटी शंभरचा. शंभर डॉलर म्हणजे सुमारे नऊ हजार रुपये. महाराष्ट्रात 2025-26 साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. त्या हिशोबाने एका पॅकला जवळपास महिन्याची मजुरी. आणि त्या पॅकने मिळालेला पुढारीपणा पुढचा सीझन सुरू होईपर्यंतच टिकतो. नव्या सीझनला नवे सेनापती येतात, जुने मागे पडतात, खेळाच्या नकाशावरच्या शेजारच्या राज्यातले तगडे खेळाडू समोर उभे केले जातात. गेल्या वर्षी जेवढ्यात पहिला नंबर यायचा, तेवढ्यात यंदा दहावाही येत नाही.

हा पैसा सगळे सारखा घालत नाहीत. स्वर्व या विश्लेषण कंपनीने 2014 मध्ये काढलेल्या आकड्यांनुसार मोबाइल खेळांच्या निम्म्या कमाईचा भार अवघे 0.15 टक्के खेळाडू उचलत होते. कॅसिनोवाल्यांकडून उसना घेतलेला 'व्हेल', म्हणजे देवमासा, हा शब्द त्यांच्यासाठीच. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने 2016 मध्ये कोर्टात सुमारे 48 लाख डॉलरच्या अफरातफरीची कबुली दिली. त्यातले सुमारे 10 लाख डॉलर त्याने एकट्या गेम ऑफ वॉरमध्ये घातले होते. बाकीचे, म्हणजे फुकट खेळणारे, खेळाला नकोसे असतात असं मात्र नाही. हरवायला, मिरवायला समोर माणसं नसतील तर हजारो डॉलर घालणारा कुणाला हरवणार? आपली फुकट खेळणारी पोरं त्या दुकानातला माल आहेत. हे त्यांना कुणी सांगत नाही म्हणून इथे स्पष्ट लिहितो.

कोकणात हे लोण पोचलं ते टप्प्याटप्प्याने. जुलै 2015 मध्ये गूगल प्लेने भारतातली किमान किंमत 50 वरून 10 रुपयांवर आणली आणि वडापावच्या पैशात काहीतरी विकत मिळू लागलं. एप्रिल 2016 मध्ये यूपीआय आलं, सप्टेंबरात जिओ. पूर्वी क्रेडिट कार्ड नाही म्हणजे खरेदी नाही, हा एक आपोआपचा बांध होता. तो फुटला. आता गूगल प्लेचं रिचार्ज कोड किराणा दुकानातही मिळतं.

आणि मग 2020. लॉकडाऊनमध्ये मुंबईची पोरं गावी येऊन बसली, घरोघरी नव्या अलायन्स झाल्या. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. दापोली, मंडणगडात दिवसच्या दिवस वीज नव्हती, टॉवर बंद होते. छपरं उडालेल्या घरांत खेळाची आठवण कुणाला असणार! पण रेंज आल्यावर ज्यांनी फोन उघडला त्यांना जळालेले किल्ले आणि रिकामे तळ दिसले, कारण शिल्ड केव्हाच संपली होती. सर्व्हरला वादळ कळत नाही. तेव्हापासून पावसाळ्यात आभाळ भरून आलं की ग्रुपवर विचारणा सुरू होते, 'शिल्ड लावलंस काय रे?' जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, हातात वेळ असतो आणि कमाई नसते; हल्ले-लढायांत सर्वांत जास्त गुंतायचे नेमके हेच दोन महिने. आंब्याचे पैसे हाती असतील ते तेव्हाच जातात.

घड्याळही आपलं नाही. यातल्या अनेक खेळांचा दिवस जागतिक प्रमाणवेळेने बदलतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. क्रमवारीची स्पर्धा तेव्हा संपते आणि शेवटच्या पाच मिनिटांत साठवलेले स्पीडअप, म्हणजे बांधकामाचा वेळ कापणारी साधनं, ओतून लोक एकमेकांना मागे टाकतात. बंदरावर नौकेची तयारी चाललेली असते आणि जेटीवर एखादा पोरगा अंगठा न थांबवता बटणं दाबत उभा असतो, कारण मिनिटभर हात थांबला की रात्रभराचा नंबर गेला.

त्याच 2020 च्या 29 जूनला केंद्र सरकारने 59 ॲप्सवर बंदी घातली, त्यात क्लॅश ऑफ किंग्ज होता. 2 सप्टेंबरच्या 118 ॲप्सच्या यादीत पबजीबरोबर राइज ऑफ किंगडम्सही होता. पबजीची बातमी झाली, बाकीच्यांची नाही. पण किल्ल्यांवर वर्ष-दीड वर्ष पैसे घातलेल्यांना तेव्हा पहिल्यांदा उमगलं की विकत घेतलेलं काहीच आपल्या मालकीचं नव्हतं. परत मागायचं तर काय मागणार आणि कुणाकडे?

मध्यंतरी कंपन्यांनी विकायची तऱ्हा थोडी सौम्य केली. क्लॅशमध्ये 2019 ला गोल्ड पास आला: तेव्हा महिन्याला ठरावीक पाच डॉलर, त्यात बरंचसं आलं. मार्च 2025 मध्ये तिथे सैन्य तयार व्हायला लागणारा वेळच काढून टाकला. मोठ्या राज्ययुद्धाच्या खेळांनी मात्र पासही ठेवला आणि पॅकही.

सरकारं जागी झाली ती मुख्यतः नशिबाच्या पेट्यांवरून, म्हणजे आत काय निघेल ते न कळता विकत घ्यायच्या पेट्यांवरून. जपानने 2012 मध्ये 'कंप्लीट गाचा', म्हणजे अशा पेट्यांतून पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस, हा प्रकार रोखला. चीनने मे 2017 पासून पेटीत काय निघण्याची किती शक्यता आहे ते जाहीर करायला लावलं, बेल्जियमने 2018 मध्ये पैशाने घ्यायच्या अशा पेट्या जुगार ठरवल्या. मार्च 2025 मध्ये युरोपीय आयोगाने खेळातल्या चलनाची किंमत खऱ्या पैशात दाखवा अशी तत्त्वं मांडली. वेळ, सुरक्षितता आणि अब्रू विकण्याला यातलं फारसं काही आड येत नाही. आपल्याकडे 30 नोव्हेंबर 2023 ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली आणि त्यात खोटी घाई दाखवणं हा पहिलाच प्रकार आहे. 'ही ऑफर 59 मिनिटांत संपेल' असं म्हणणारा पॅक दुसऱ्या दिवशी त्याच भावात पुन्हा दिसत असेल, तर तक्रारीला ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. खेळांबाबत तो वापरणारं आपल्या भागात मला अजून कुणी भेटलेलं नाही. वापरायला हवा.

तोवर घरच्या घरी एक काम होण्यासारखं आहे. गूगल प्लेमध्ये 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' खाली 'बजेट अँड हिस्टरी' उघडलं की त्या खात्यावरून झालेली खरेदी तारखेनुसार दिसते. तिथे महिन्याचं बजेट घालता येतं, पण ते ओलांडलं तर फक्त सूचना येते, खरेदी थांबत नाही. त्यासाठी सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी सक्तीची करावी लागते आणि पासवर्ड पोराला माहीत नसावा लागतो.