रेषानुवर्ती चिन्हांकन

व्हेक्टर आलेखनाच्या, म्हणजे चित्र ठिपक्यांऐवजी गणिती रेषांनी साठवणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये सरळ अथवा वक्र रेषेवर ठिपके, आडव्या खुणा, त्रिकोण, पाने किंवा दुसरी एखादी आकृती समान अंतराने आणि बहुधा रेषेच्या दिशेनुसार वळवून मांडण्याच्या पद्धतीला रेषानुवर्ती चिन्हांकन म्हणता येईल. नकाशातील लोहमार्ग, कुंपण, बांध आणि हद्द, भूवैज्ञानिक नकाशातील विभंग (खडकांतील सरकलेल्या भेगा), तसेच लग्नपत्रिकेची वेलबुट्टीची किनार हे सारे याच पद्धतीने काढले जाते. नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र या नकाशांशी निगडित संस्था आहेत, आणि शहरातील छपाईच्या दुकानांत कोरलड्रॉ या आलेखन-सॉफ्टवेअरवर काम करणारे कारागीरही आहेत. दोघांची कामे वेगळी असली, तरी रेषेवर चिन्हे बसवताना त्यांच्यापुढे येणारे गणित एकच असते.

या गणिताचा गाभा ‘समान अंतर’ कशाने मोजायचे हा आहे. वर्धा मार्गावरचे किलोमीटरचे दगड रस्त्याच्या वळणांसह मोजून रोवलेले असतात, दोन दगडांमधले हवाई अंतर त्यासाठी धरत नाहीत. चिन्हांचे अंतरही तसेच रेषेच्या लांबीवर मोजले पाहिजे. १० मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर परिघाने १० मिमी अंतर ठेवले, तर दोन चिन्हांमधले सरळ अंतर सुमारे ९.५९ मिमी भरते. मोठ्या वळणावर हा फरक जाणवत नाही, पण घट्ट वळणावर चिन्हे एकमेकांजवळ आल्यासारखी दिसतात, आणि चिन्ह मोठे असेल तर आतल्या बाजूला ती एकमेकांवर चढतात.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. बहुतेक व्हेक्टर सॉफ्टवेअरमधील वक्र हे घन बेझिए वक्र, म्हणजे दोन टोके आणि त्यांना वळण देणारे दोन बिंदू यांनी ठरणारे वक्र, असतात. असा वक्र ० ते १ या मर्यादेत बदलणाऱ्या एका चलाने काढला जातो, आणि तो चल लांबीच्या प्रमाणात पुढे सरकत नाही. १०० मिमीची एक सरळ रेघ घ्यावी, तिचे दोन्ही हँडल (वळण देणारे बिंदू) आपापल्या टोकाच्या नोडमध्ये (रेषेच्या जोडबिंदूत) मिटवलेले असावेत, आणि चलाचे चार समान भाग करून पाच चिन्हे मांडावीत. ती ०, १५.६, ५०, ८४.४ आणि १०० मिमीवर पडतात. म्हणजे मधली अंतरे ३४.४ मिमी आणि टोकाची १५.६ मिमी होतात. रेघ डोळ्यांना सरळ दिसते, तरीही चिन्हे टोकांकडे दाटतात. घन बेझिए वक्राची लांबी सर्वसाधारणपणे साध्या सूत्राने काढता येत नाही, म्हणून प्रोग्राम वक्राचे बारीक तुकडे करून किंवा संख्यात्मक संकलनाने लांबीचा तक्ता तयार करतात आणि हव्या त्या लांबीवरचा बिंदू त्या तक्त्यातून उलट शोधतात. ब्राउझरमधील गेट-पॉइंट-ॲट-लेंग्थ ही सोय नेमके हेच काम करते.

लांबी कळली तरी उरणाऱ्या तुकड्याचे काय करायचे हे ठरवावे लागते. २४७ मिमीच्या रेषेवर १० मिमी अंतर हवे असेल तर शेवटी ७ मिमी उरतात. ते तसेच सोडले, तर रेषेचे एक टोक बोडके राहते. त्याऐवजी २५ भाग धरून अंतर ९.८८ मिमी करणे हा सहसा योग्य मार्ग आहे, कारण ०.१२ मिमीचा फरक कोणाच्या नजरेत भरत नाही, पण अर्धवट शेवट लगेच भरतो. खुल्या रेषेवर २५ भागांसाठी २६ चिन्हे लागतात, तर नागपूरच्या रिंग रोडसारख्या बंद रेषेवर २५ पुरतात. बंद रेषेवर सव्विसावे चिन्ह पहिल्यावरच येऊन बसते, आणि ते चिन्ह अर्धपारदर्शक असेल तर तेवढी एकच जागा गडद दिसते. मापनाच्या नकाशात मात्र असे जुळवून घेणे चालत नाही: १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर ५ मिमी म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर होतात, आणि खुणा अंतर दाखवण्यासाठीच असतील तर शेवटचा तुकडा अपुरा राहिला तरी तो तसाच ठेवावा लागतो.

एसव्हीजी या व्हेक्टर चित्रांच्या खुल्या मानकात, ज्याची पहिली आवृत्ती २००१ मध्ये शिफारस म्हणून मान्य झाली, रेषेच्या मधल्या चिन्हांसाठी मार्कर-मिड हा गुणधर्म आहे. पण ही चिन्हे फक्त नोडवर येतात आणि नोड सहसा समान अंतरावर नसतात. इंकस्केप या आलेखन-सॉफ्टवेअरमध्ये नोड वाढवणारे एक्स्टेंशन (जोड-प्रोग्राम) वापरून यातून वाट काढता येते. कमाल लांबी दिल्यास ते मूळच्या प्रत्येक तुकड्याचे समान भाग करते, त्यामुळे एका तुकड्यात अंतरे नेमकी येतात, परंतु एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना ती किंचित बदलतात. नुसते ठिपके हवे असतील तर त्याहून सोपा उपाय आहे: रेष तुटक करून डॅशची (तुटक रेषेतल्या तुकड्याची) लांबी ० ठेवावी, टोक गोल करावे आणि मधली जागा हवी तेवढी द्यावी. पाथ-लेंग्थ (रेषेची मानलेली एकूण लांबी) या गुणधर्मात २५ लिहून डॅशमधील जागा १ ठेवली, की रेषा कितीही लांब असली तरी तिचे बरोबर २५ भाग पडतात.

इंकस्केपचा ‘पॅटर्न अलाँग पाथ’ हा परिणाम आकृतीलाच रेषेबरोबर वाकवतो. वेल किंवा दोरीसाठी तो उत्तम आहे, पण विभंगाचा त्रिकोण वाकला तर चिन्ह बिघडते. इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरचा पॅटर्न ब्रश उरलेली लांबी चिन्हे ताणून किंवा त्यांच्यामध्ये जागा वाढवून भरू शकतो आणि कोपऱ्यांसाठी वेगळी आकृती घेतो, म्हणून चौकटीच्या किनारीला तो फार उपयोगी पडतो. कोरलड्रॉमध्ये ब्लेंड (दोन आकृत्यांमधल्या पायऱ्या भरणारी सोय) पाथवर, म्हणजे रेषेवर, चढवून पायऱ्यांची संख्या किंवा ठरावीक अंतर देता येते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरची मार्कर लाइन नकाशासाठी या सर्वांहून सरस आहे, कारण तिच्यात अंतर मिमीत किंवा नकाशाच्या एककात देता येते आणि रेषेच्या बारीक दातऱ्यांमुळे चिन्हे हेलकावू नयेत म्हणून काही लांबीवरच्या दिशेची सरासरीही घेता येते.

दिशेकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण तिच्यावर नकाशाचा अर्थ अवलंबून असतो. ज्या विभंगावर एका बाजूचे खडक दुसऱ्या बाजूच्या खडकांवर चढलेले असतात, तेथे त्रिकोण चढलेल्या बाजूला काढतात. साध्या विभंगावर आडवी खूण खाली गेलेल्या बाजूला असते. सॉफ्टवेअरला डावी आणि उजवी बाजू रेषा कोणत्या टोकापासून काढली यावरून कळते. रामटेक-मनसर भागातील खडकांच्या नकाशात एखादी रेषा उत्तरेकडून आणि तिला जोडलेली दुसरी दक्षिणेकडून काढली गेली असेल, तर एकाच विभंगाचे त्रिकोण अर्ध्या वाटेत बाजू बदलतात आणि वाचणाऱ्याला खोटी माहिती मिळते. अशा वेळी एक रेषा उलटवावी, मग दोन्ही एकत्र जोडाव्यात. चिन्हे हाताने फिरवू नयेत, कारण रेषेत पुढची दुरुस्ती होताच तो बदल वाया जातो.

रेषा एका दिशेने ताणून लहान-मोठी केली, तर त्याआधीच रेषेपासून सुटी करून स्वतंत्र आकार बनवलेली चिन्हे व त्यांची अंतरे दोन्ही विस्कटतात. म्हणून छपाईसाठी चिन्हांचे स्वतंत्र आकारांत रूपांतर प्रतीवरच करावे आणि मूळ रेषा तिच्या चिन्हांकनासह वेगळ्या लेयरवर जपून ठेवावी.