पिस्तूल शूटिंग सुरू करायचंय? आधी रेंज, मग कागदं, लायसन्स सगळ्यात शेवटी

२०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तूलमध्ये दोन ब्राँझ आणली, एक एकटीनं आणि एक सरबजोत सिंगसोबत मिक्स्ड टीममध्ये, आणि आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये एक आणलं, तेव्हापासून संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं लई जण विचारायलेत की पोराला नाहीतर पोरीला पिस्तूल शूटिंगला घालायचंय, काय करावं लागतंय. आणि दहातले आठ जण पहिला प्रश्न हाच विचारतात, लायसन्स कुठून काढायचं आणि किती दिवसात निघतं. तर बाबांनो, कलेक्टर ऑफिसला आत्ताच चकरा मारू नका. सुरुवातीच्या माणसाला लायसन्स लागतच नाही.

कारण सुरुवात होते ती एअर पिस्तूलनं. ४.५ मिलिमीटर बोअरचं, दाबलेल्या हवेवर चालणारं, दारूगोळा काही नाही, शिशाचा बारीक पेलेट. कायद्यात एअर वेपनची मर्यादा अशी दिलीय की बोअर ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही, आणि मॅचच्या एअर पिस्तूलची ताकद या मर्यादेच्या पार खाली असतीय. विकत घेताना दुकानदार ओळखपत्र घेतो, रजिस्टरला नोंद करतो, ते करू द्या, बिल मात्र जपून ठेवा, पुढं लागतंय. परवाना लागतो तो फायरआर्मला, म्हणजे २५ मीटरच्या ०.२२ बोअरच्या स्पोर्ट पिस्तूलला आणि त्याच्या वरच्याला. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत गोल्ड मारलं ती ही २५ मीटरची इव्हेंट. तिथपर्यंत जायला वेळ आहे.

आता पात्रता. चष्मा असला तरी चालतंय, डावखुरा असला तरी चालतंय, उंची वजनाची काही अट नाही. लहान पोरांना क्लबवाले साधारण दहा-बारा वर्षांचं झाल्यावर घेतात कारण साधारण किलोभर वजनाचं पिस्तूल एका हातानं, हो एकाच हातानं, खांद्याच्या उंचीला धरून उभं राहायचंय, दुसरा हात खिशात नाहीतर पट्ट्यात. मॅच ६० शॉटची, ७५ मिनिटांत, आणि आता पोरांना पोरींना सारखीच, आधी पोरींना ४० शॉट होते. टार्गेटचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढं, ते १० मीटरवरून. वयाची वरची मर्यादा नाही, ४५ च्या पुढच्यांना मास्टर्स गट आहे, त्यामुळं पोराला सोडायला येणारे बरेच बाप सहा महिन्यांनी स्वतःच लेनवर उभे दिसतात. ज्युनियर म्हणजे त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत २१ पूर्ण होत नाहीत तो. दिव्यांग खेळाडूंचा रस्ता वेगळा आहे, त्यांची संघटना पॅरालिम्पिक कमिटी ऑफ इंडिया, तिथं दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड आणि वर्गीकरण लागतं, पण रेंज, हत्यार, सराव सगळं तेच.

पहिलं काम रेंज शोधायचं. इथं एक गोष्ट नीट बघा, क्लब जिल्हा रायफल असोसिएशनला जोडलेला आहे का, आणि ती महाराष्ट्र रायफल असोसिएशनला. वरची साखळी अशी की देशात एनआरएआय, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, १९५१ पासूनची, तिच्याखाली राज्याची, राज्याखाली जिल्हे आणि क्लब. कुणी मॉलमध्ये किंवा मंगल कार्यालयाच्या मागं चार टार्गेट लावून अकॅडमी म्हणून बोर्ड लावला असेल तर सराव तिथं होईल, स्पर्धेचा फॉर्म तिथून जाणार नाही. जाऊन सरळ विचारायचं, तुमचे किती खेळाडू मागच्या राज्य स्पर्धेत होते, कोणाच्या नावानं एन्ट्री गेली. उत्तर द्यायला आढेवेढे घेतले की समजून जायचं. तुमच्या जिल्ह्यात काहीच सापडत नसेल, हिंगोली, परभणीकडं असं होऊ शकतं, तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा, शालेय स्पर्धा तेच भरवतात, त्यांना माहिती असतंय कोण खरं शिकवतंय.

क्लबला पहिल्या दिवशी आधार, दोन-चार फोटो, जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, रक्तगट, आणि १८ च्या आतला असेल तर आईबापाचं संमतीपत्र, एवढं घेऊन जा. शाळेचा असेल तर बोनाफाइड. काही क्लब पोलिसांचा चारित्र्य दाखला पण मागतात, तो पोलिसांच्या पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज करून मिळतो, आणि मागितला तर तोंड वाकडं करू नका, मागणारा क्लब शहाणा आहे.

कागदांमध्ये खरी अडचण जन्मदाखल्याची येते. ग्रामपंचायतीत जन्म नोंदलाच नाही, किंवा दाखल्यावर बाळाचं नाव नाही, नुसतं "पुरुष" नाहीतर "स्त्री", किंवा शाळेच्या टीसीवर एक तारीख, आधारवर दुसरी. आपल्याकडं १ जून वाली जन्मतारीख किती जणांची आहे ते तुम्हाला सांगायची गरज नाही, गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकून दिलेली. शूटिंगमध्ये वयोगटावर पदक ठरतंय म्हणून तारखेची तपासणी कडक होते, तेव्हा आधार, टीसी आणि जन्मदाखला तिन्हीवर नाव, बापाचं नाव, आडनाव आणि तारीख एकसारखी करून घ्या, हे काम महिने खातं म्हणून आजच सुरू करा. आणि जुन्या कागदांवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल तर घाबरू नका, नाव २०२३ ला बदललंय हे सगळ्यांना माहितीय, फक्त एकाच अर्जात एका रकान्यात जुनं आणि दुसऱ्यात नवं असं लिहू नका, आणि ऑनलाइन यादीत जे नाव दिसतंय तेच निवडा.

मग जिल्हा स्पर्धा, तिथून राज्य. राज्य स्पर्धेचं नाव कॅप्टन इझेकील स्मृती, माहीत असू द्या, कारण क्लबमध्ये सगळे नुसतं "इझेकील" म्हणतात आणि नवीन माणूस बघतच राहतो. तिथं चांगला स्कोअर आला की पुढं झोनल, प्री-नॅशनल, तिथलीच एक जी. व्ही. मावळंकर स्पर्धा, आणि मग नॅशनल. प्रत्येक पायरीला वर जायचा किमान स्कोअर ठरलेला असतो आणि तो परिपत्रकात येतो, परिपत्रक दरवर्षीचं नवीन वाचायचं, मागच्या वर्षीच्या व्हॉट्सॅप फॉरवर्डवर जायचं नाही. एन्ट्री भरताना एनआर आणि आयएसएसएफ असे दोन प्रकार दिसतील, एनआर म्हणजे आपल्या देशातले नियम, नवीन माणूस बहुतेक तिथूनच सुरू करतो, आयएसएसएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय. कोचला विचारून टिक करा, चुकीच्या इव्हेंटला फी भरली की परत मिळवायला नाकी नऊ येतात.

या मधल्या काळातच एनआरएआयचा शूटर आयडी काढायचा. राज्य संघटनेच्या किंवा संलग्न क्लबच्या मार्फत, ऑनलाइन, फोटो, जन्मदाखला, आधार, फी. हा आयडी म्हणजे तुमचं खेळातलं खातं, सगळे स्कोअर त्याच्यावर चढतात, आणि एकाच राज्याकडून खेळायचं असतं, म्हणून पोरगं पुण्यात शिकायला जाणार असेल तर काही फरक नाही, राज्य तेच, पण हैदराबादला जाणार असेल तर आधी विचार करा. नांदेड, देगलूरच्या लोकांना हैदराबाद जवळचं वाटतंय म्हणून सांगितलं.

शाळेतल्या पोरांचा आणखी एक रस्ता समांतर चालतो, शालेय क्रीडा स्पर्धा, १४, १७ आणि १९ वर्षांखालील, जिल्हा, विभाग, राज्य अशी. त्याची एन्ट्री शाळेच्या मार्फतच जाते, क्लबच्या नाही. पीटीच्या सरांना जूनमध्येच सांगून ठेवा, सरांना माहीत नसतं आणि तारीख निघून जाते. दहावी बारावीचे क्रीडा गुण, सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, याला कोणती स्पर्धा धरतात ते शासन निर्णयात ठरलेलं असतं, म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र मूळ स्वरूपात, प्लास्टिकच्या फाईलीत. लॅमिनेशन करू नका, पडताळणीला त्रास होतो.

पिस्तूल लगेच घेऊ नका. मोरिनी, स्टायर, पार्डिनी, वॉल्थर ही नावं ऐकू येतील, बाहेर देशातली, लाखाच्या वरचा खेळ. पहिले काही महिने क्लबचं वापरा, ग्रिप कोणत्या साइजची बसते ते कळू द्या. जुनं घेत असाल तर पिस्तूलच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा, बनवल्यापासून १० वर्षं झाली की तो स्पर्धेत चालत नाही, आणि स्वस्तात देणारे बरेच जण नेमकं याच कारणानं देत असतात. ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम भरलं पाहिजे, स्पर्धेआधी वजन टांगून तपासतात, आणि बूट घोट्याच्या खालचेच, घोटा झाकणारे पिस्तूलला चालत नाहीत. बाकी जॅकेट-पँट रायफलवाल्यांना, पिस्तूलवाल्यांचा तेवढा खर्च वाचतो. एक आपल्याकडचं सांगतो, मे महिन्यात भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवून लग्नाला जाऊ नका, हवेचा दाब २०० बारच्या आसपास असतो आणि आपलं ऊन तुम्हाला माहितीय.

आता लायसन्स. स्कोअर यायलेत, कोच म्हणतोय २५ मीटरला चल, तेव्हा. आपल्याकडच्या बहुतेक रेंज १० मीटरच्याच, त्यामुळं २५ मीटरला लोकं पुण्याला बालेवाडीला जातात, आणि तिथंही आधी क्लबच्या हत्यारावर, देखरेखीखाली. स्वतःच्या नावावर फायरआर्मचं लायसन्स २१ पूर्ण झाल्यावर, त्याच्या आतल्यांना प्रशिक्षणापुरते वेगळे नियम आहेत. अर्ज शस्त्र परवान्याच्या केंद्रीय पोर्टलवर ऑनलाइन, एनडीएएल-एएलआयएस असं त्याचं नाव, संभाजीनगर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाकडं आणि ग्रामीणला जिल्हाधिकाऱ्यांकडं. सोबत वयाचा, ओळखीचा, पत्त्याचा पुरावा, फोटो, ठरलेल्या नमुन्यातला डॉक्टरचा दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र, हत्यार घरी कुठं कसं कुलपात ठेवणार त्याचं हमीपत्र, आणि खेळाडू म्हणून असोसिएशनचं पत्र आणि स्कोअरची प्रमाणपत्रं. मग ठाण्यातून पोलीस पडताळणी.

अर्जातल्या "कारण" या रकान्यात टार्गेट शूटिंग लिहायचं आणि तेच खरं असलं पाहिजे. खेळाच्या नावानं घेऊन कमरेला लावून फिरायचा विचार असेल तर इथंच थांबा, बीडमध्ये मध्यंतरी परवान्यांवरून केवढा गदारोळ झाला आणि किती परवाने रद्द झाले ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय. गुन्हा नोंद असेल, अगदी भावकीतल्या बांधाच्या भांडणातला का असेना, तर लपवू नका, पडताळणीत निघतोच. नाकारलं तर लेखी कारण मागा, शस्त्र कायद्याच्या कलम १८ खाली अपील करता येतं. मिळालं तर परवाना ५ वर्षांचा. आणि नॅशनलमध्ये एनआरएआयनं ठरवलेला स्कोअर मारून "रिनाउन्ड शॉट" झालात की हत्यारांची संख्या, आयात, काडतुसं यात खेळाडूंच्या सवलती लागू होतात, ते तेव्हा बघू.

स्पर्धेला जाताना एअर पिस्तूल असलं तरी कुलूपबंद केसमध्ये, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, म्हणजे हत्यार रिकामं असल्याची खूण, सोबत बिल, शूटर आयडी आणि क्लबचं पत्र, स्टेशनवर कुणी बॅग उघडायला सांगितली तर हुज्जत न घालता आधी कागद दाखवा मग केस उघडा. विमानानं जाणार असाल तर एअरलाइनला आधी कळवायचं, चेक-इनमध्येच द्यायचं आणि सिलिंडर रिकामा करून.