डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘सीव्हीए’ लिहू नका
गुठळीमुळे आलेल्या लकव्याचे क्लेम : आमच्या ग्राहक रुग्णालयांसाठी माहितीपत्रक

मिरज-सांगली भागातल्या ज्या नर्सिंग होमचं आणि रुग्णालयांचं विम्याच्या क्लेमचं काम आम्ही पाहतो, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. डॉक्टरांनी पाच मिनिटं काढून वाचावं आणि मग आरएमओंच्या (निवासी डॉक्टरांच्या) खोलीत लावून ठेवावं, ही विनंती.

लकव्याच्या फाइलवर विमा कंपनीची क्वेरी, म्हणजे शंका, आली की आम्हाला फोन येतो, ‘सगळे कागद लावलेत, मग अडलं कुठे?’ बहुतेक वेळा उत्तर कार्डाच्या पहिल्याच ओळीत असतं. निदान म्हणून तिथे ‘सीव्हीए’ किंवा ‘स्ट्रोक’, म्हणजे मेंदूचा झटका, एवढाच शब्द असतो.

आयसीडी-१० या आजारांच्या कोडच्या यादीमध्ये या शब्दाला कोड मिळतो आय६४. त्याचा अर्थ असा, की स्ट्रोक आहे, पण रक्तस्रावाचा की रक्तपुरवठा तुटल्याचा, ते सांगितलेलं नाही. प्रत्यक्षात सीटी झालेला असतो, एमआरआय झालेला असतो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शनही दिलेलं असतं. मग कंपनीचे डॉक्टर विचारतात, रक्तस्राव नाही हे ठरलं नव्हतं तर इंजेक्शन दिलं कसं? कागद पाहून हा प्रश्न पडणारच. तुमचे उपचार बरोबर असतात, पण कार्ड ते सांगत नाही.

गुठळीने झालेला इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्याने मेंदूचा मेलेला भाग, आय६३ मध्ये जातो. पुढचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो : गुठळी कोणत्या धमनीत आहे, आणि ती तिथेच धरली की दुसरीकडून वाहत आली. मेंदूतल्या धमनीत तिथेच धरली, म्हणजे थ्रोम्बोसिस, तर आय६३.३, हृदयातून किंवा मानेतून वाहत येऊन अडकली, म्हणजे एम्बोलिझम, तर आय६३.४. कॅरोटिड आणि व्हर्टिब्रल या मानेतल्या धमन्यांत मात्र तिथेच धरली तर आय६३.०, वाहत आली तर आय६३.१. बॅसिलर धमनी कवटीच्या आत असली तरी आयसीडी तिला कॅरोटिडच्याच गटात धरतं. इथे सरावाचे लोकही चुकतात. शिरेतल्या गुठळीचा इन्फार्क्ट आय६३.६ मध्ये, पण बाळंतिणीची सीव्हीटी, म्हणजे मेंदूच्या शिरेतली गुठळी, प्रसूतीच्या प्रकरणात, ओ८७.३ ला जाते. तपास करूनही कारण सापडलं नाही तर आय६३.९ लावता येतो. इन्फार्क्ट आहे एवढं तरी त्यातून कळतं.

हे आकडे तुम्ही पाठ करायचे नाहीत, ते आमचं काम. आम्हाला तुमच्याकडून एक पुरी ओळ हवी. उदाहरणार्थ : ‘राइट एमसीए टेरिटरी इन्फार्क्ट, कार्डिओएम्बोलिक, एट्रियल फिब्रिलेशन, लेफ्ट हेमिप्लेजिया.’ (मेंदूच्या उजव्या मधल्या धमनीच्या भागात इन्फार्क्ट, गुठळी हृदयातून, हृदयाचे ठोके अनियमित, डावी बाजू लुळी.) एवढ्यावरून फॉर्मच्या ‘बी’ भागात मुख्य निदान आय६३.४, सोबत आय४८ आणि हेमिप्लेजियाचा जी८१ भरता येतो.

बाजू शब्दांत लिहाच. ‘लेफ्ट सीव्हीए’ म्हणजे डावा हात-पाय गेला, की मेंदूचा डावा भाग? एकच शब्द दोन डॉक्टर दोन अर्थांनी वापरतात. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका फाइलवर कार्ड ‘लेफ्ट सीव्हीए’ म्हणत होतं, सीटीत इन्फार्क्ट उजवीकडे होता, आणि नर्सिंग नोटमध्ये ‘जुना पॅरालिसिस’ असा एक शब्द होता. कंपनीने हा जुनाच आजार धरला. खरं तर जुना झटका सहा वर्षांपूर्वीचा आणि दुसऱ्या बाजूचा होता. खुलासा जाऊन मंजुरी यायला अकरा दिवस गेले. दरम्यान बोलता न येणाऱ्या त्या बाईंच्या मुलाने गावातून उसने पैसे आणून बिल भरलं. तो मुलगा आमच्या खुर्चीसमोर बसलेला अजून आठवतो, आणि हे पत्रक लिहायला घेतलं ते त्याच्यामुळेच.

म्हणून जुना झटका असेल तर त्याचं साल आणि बाजू वेगळ्या ओळीत लिहा. त्याच्या मागे राहिलेल्या कमजोरीचा कोड आय६९.३, नव्या झटक्याचा आय६३. फॉलोअपला आलेल्या रुग्णाला पुन्हा आय६३ लावू नये. तसं केलं की कागदावर त्याला दर महिन्याला नवा झटका येतो.

टीआयएबद्दलही, म्हणजे तात्पुरत्या झटक्याबद्दलही, थोडं. हात-पाय चोवीस तासांत सुधारला म्हणून ‘टीआयए’ लिहिलं जातं आणि डिफ्यूजन एमआरआयमध्ये मात्र इन्फार्क्ट दिसतो. निदान ठरवणं तुमच्या हातात आहे. रिपोर्ट समोर ठेवून ठरवा, कारण क्रिटिकल इलनेस (गंभीर आजाराच्या) पॉलिसीच्या प्रमाणित व्याख्येत टीआयए वगळलेला आहे. त्याच व्याख्येत कायमची कमजोरी किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा मागितलेला आहे. सातव्या दिवशीचं कार्ड तो देऊ शकत नाही. नातेवाइकांना तीन महिन्यांनंतरची तारीख देऊन त्या दिवशीची तपासणी लिहून ठेवलीत, तर त्या घराला मोठा आधार होईल.

इंजेक्शनच्या बिलासोबत लक्षणं सुरू झाल्याची वेळ, इंजेक्शनची वेळ, रुग्णाचं वजन आणि व्हायलचं स्टिकर लागतं. औषधाचं नाव अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज असं पूर्ण लिहा. ‘टीपीए’ असं त्याचं आखूड नाव लिहिलं की आमच्या धंद्यात त्याचा अर्थ विमा कंपनीचा मध्यस्थ असाही होतो. पहिल्या तासांतला सीटी नॉर्मल असेल तर ‘रक्तस्राव नाही’ हे वाक्य कार्डात यायला हवं.

आम्ही फाइल परत पाठवतो, वेळ घालवतो, अशी तक्रार कानावर येते. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत मिळायला हवी. पण अर्धवट निदान गेलं की क्वेरी येते आणि रुग्ण संध्याकाळपर्यंत वॉर्डातच राहतो. आमचा अर्धा तास त्यापेक्षा स्वस्त पडतो. डॉक्टरांनी न लिहिलेलं कारण आम्ही मनाने कोडमध्ये घालत नाही, मग रक्कम कमी मंजूर झाली तरी चालेल. आमची फीसुद्धा फाइलमागे ठरलेली आहे, मंजूर रकमेच्या टक्क्यावर नाही.

डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी सातपर्यंत कच्चं कार्ड आणि स्कॅनचा रिपोर्ट, रुग्णाचं नाव झाकून, आमच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा. काय कमी आहे ते त्याच रात्री कळवतो. वार्षिक करार असलेल्या रुग्णालयांना याचे वेगळे पैसे नाहीत. करार नसेल तर पहिल्या तीन फाइल अशाच पाहून देऊ. तुमच्या आरएमओंसाठी दुपारी एक तास येऊन कार्ड कसं लिहायचं ते दाखवायलाही आम्ही तयार आहोत. फक्त ओपीडी कोणत्या वारी हलकी असते तेवढं सांगा.