दूध नासणं वेगळं, दूध कापणं वेगळं

खानापूरकडं एक मित्र आहे, चार म्हशी, डेअरीला दूध घालून जे उरतं त्याचं घरीच मोझरेला करतो. असे हौशी चार-पाच जण आहेत, कल्चरच्या (विरजणाच्या जंतूंच्या) पुड्या आपसात वाटून घेतात, कुणाचं बिघडलं की एकमेकांना फोन. परवा गेलतो तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय ओ, चीज म्हणजे शिळं पनीरच की!" तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितोय.

दुधातल्या प्रोटीनपैकी सुमारे ८०% केसिन असतं. ते सुटं नसतं, त्याचे बारीक गोळे असतात, एका मिलिमीटरात पाचेक हजार ओळीनं बसतील एवढे. गोळा कसा दिसतो तर कदंबाच्या फुलासारखा (हलशीच्या कदंब राजांचं तेच झाड), मधे गोल आणि बाहेर सगळीकडं केस. हे केस म्हणजे कप्पा-केसिन नावाच्या प्रोटीनची शेपटं. त्यांच्यावर ऋण भार असतो, त्यामुळं गोळे एकमेकांना ढकलत राहतात आणि दूध पातळ राहतं.

पनीर करताना आपण लिंबू पिळतो. आम्लानं तो भारच मारला जातो, गोळ्यांना धरून ठेवणारं कॅल्शियमसुद्धा बरंचसं विरघळून निवळीत, म्हणजे वेगळ्या होणाऱ्या पाण्यात, जातं. चीज करताना दूध जमवायला रेनेट नावाचं एन्झाइम घालतात. ते मात्र आम्ल नाहीच, ती कात्री आहे. कप्पा-केसिनची माळ १६९ अमिनो आम्लांची, त्यात १०५ आणि १०६ च्या मधला एकच बंध ती कापते. शेपूट निवळीत वाहून जातं, गोळा टकला होतो. बराच वेळ काहीच दिसत नाही बघा, पण बहुतेक शेपटं कापली गेली की टकले गोळे एकमेकांना चिकटतात आणि जाळं तयार होतं. कॅल्शियम त्या जाळ्यातच राहतं. म्हशीच्या दुधात केसिन आणि कॅल्शियम दोन्ही गायीपेक्षा जास्त, म्हणून दही घट्ट बसतं. मग कल्चरमधले जंतू हळूहळू आम्ल करतात, पीएच (आंबटपणाचं माप, जितकं आंबट तितका आकडा कमी) ५.२ च्या आसपास आला की थोडं कॅल्शियम सुटतं, जाळं सैल पडतं आणि गरम पाण्यात ताणलं की तार निघते.

मित्राचे पहिले तीन घाणे फसले. आई म्हणाली दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळून पण झालं. दृष्ट कसली, दूध उकळलेलं होतं! आपल्याकडं दूध आलं की आधी चुलीवर. उकळलं की निवळीतलं एक प्रोटीन त्या केसांना जाऊन चिकटतं, कात्री नीट चालत नाही, चाललीच तरी जाळं लेचंपेचं होतं. आता तो थर्मामीटर लावून ६३ अंशांवर ३० मिनिटं ठेवतो. कच्च्या दुधाचं चीज करू नका, ब्रुसेला (कच्च्या दुधातनं माणसाला होणाऱ्या रोगाचा जंतू) काय चेष्टा नाही. आणि 'ए-टू दुधाचं चीज' म्हणून जादा पैसे मागितले तर लक्षात ठेवा, ए-टू ही भानगड बीटा-केसिन ह्या दुसऱ्याच केसिनची, कात्री चालते कप्पावर.

आमच्या भागात जैन घरं भरपूर, त्यामुळं रेनेट कशाचं हा प्रश्न येतोच. मूळचं वासराच्या पोटातलं. मित्र वापरतो ते बुरशीपासून काढलेलं. रुईचा चीकसुद्धा दूध फाडतो, पण विषारी आहे, घरी प्रयोग नको.

शेवटी काकूंचं पनीर आणि मित्राचं चीज शेजारी-शेजारी तव्यावर ठेवलं. पनीर लाल झालं, जागचं हललं नाही, चीज मात्र पसरलं. काकू बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "ती निवळी ओतू नको हां, कणीक मळायला दे."