'टेन' आणि 'दश' भावंडं आहेत, 'शुगर' आणि 'शर्करा' तशी नाहीत

'टेन' म्हणजे आपलं दश, 'शुगर' म्हणजे आपली शर्करा, म्हणजे इंग्लिश संस्कृतातूनच निघाली, असे फॉरवर्ड कायम फिरत असतात. पण या दोन्ही जोड्या एकाच माळेत ओवल्या की सगळी मजाच जाते, कारण एक उसना शब्द आहे आणि दुसरा नात्यातला.

शर्करा खरोखरच गावोगाव फिरत गेली. फारसीत शकर, अरबीत सुक्कर, मग मध्ययुगीन लॅटिन, जुनी फ्रेंच आणि 13व्या शतकाच्या शेवटी इंग्लिशमध्ये शुगर. व्यापाऱ्यांबरोबर वस्तू गेली आणि तिच्यासोबत नाव गेलं. खंडची कॅंडी झाली ती पण अशीच, आणि नारंगचं ऑरेंज होताना तर वाटेत सुरुवातीचा 'न'च गळून गेला.

दश कुठेही गेला नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि इंग्लिश ज्या जर्मॅनिक शाखेतली ती शाखा, या सगळ्यांची मूळ भाषा एक होती, तिच्यातून प्रत्येकीने तो शब्द आपापल्या वाट्याला घेतला. इंग्रज न्यायाधीश आणि भाषांचा अभ्यासक विल्यम जोन्सने 1786 मध्ये कलकत्त्यात नेमकं हेच मांडलं होतं, की या भाषा एका समान उगमातून आल्यात आणि तो उगम आता कदाचित उरलाही नसेल.

मग ओळखायचं कसं? मला सगळ्यात भारी वाटतो तो जर्मन भाषातज्ज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेला नियम. जर्मॅनिक शाखेत जुन्या प चा फ झाला, त चा थ आणि द चा ट, आणि तोही एखाद-दुसऱ्या शब्दात नाही, ओळीने. पाद आणि फूट बघा, त्रि आणि थ्री, दंत आणि टूथ, द्वि आणि टू. हा बदल खूप जुना, त्यामुळे नंतर बाहेरून आलेल्या शब्दांना तो लागलाच नाही. पेडल घ्या, लॅटिनमधल्या 'पाय' अर्थाच्या शब्दावरून आलेला, त्याचा प तसाच शाबूत आहे. म्हणजे फूट इंग्लिशच्या घरचा आणि पेडल पाहुणा, आणि गंमत म्हणजे खूप मागे गेलं की दोघांचं मूळ एकच!

नुसतं ऐकायला सारखं वाटतंय एवढ्यावर मात्र काहीच ठरत नाही. फारसी 'बद' आणि इंग्लिश 'बॅड', आवाज जवळजवळ तोच, अर्थ तोच, तरी दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.